अक्काचा रविवार

धाराशिवच्या एका सरकारी कचेरीत मी लिपिक आहे. साहेबांच्या दौऱ्याचा कार्यक्रम मी तयार करतो. सकाळी नऊ दहाला प्रयाण, नऊ पन्नासला आगमन, पाहणी, बैठक, राखीव, पुढे प्रयाण. ‘राखीव’ म्हणजे जेवण आणि जमली तर डुलकी. या जानेवारीत मी असाच एक कार्यक्रम घरच्यांसाठी केला. साहेबांचा दौरा फिसकटला तर दुसरी तारीख मिळते. हा फिसकटला असता तर मिळाली नसती, आणि तो फिसकटवायला निघालेला माणूस मीच होतो.

सुरुवात भाऊबीजेला झाली. माझी थोरली बहीण, अक्का, उमरग्याच्या अलीकडच्या एका खेड्यात दिलेली आहे. दाजी गवंडी होते. दोन वर्षांपूर्वी ते जिन्यावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ते बाजेवर आहेत. त्यांना कुशीवर वळवायचं, उठवून बसवायचं, सगळं अक्काच करते. सकाळी ती गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायला जाते, तेवढा वेळ शेजारीण येऊन बसते. बाकी दोन वर्षांत अक्का कुठंच गेलेली नव्हती. धाराशिवला माझ्या घरीसुद्धा नाही.

ओवाळून झालं तेव्हा मी साडीची पिशवी पुढं केली. तिनं ती न उघडताच बाजूला ठेवली.

“लुगडी लई झाली रं,” ती म्हणाली. “यंदा मला हुरडा खायाला घाल. आपल्या गावाकडं. शेतात बसून.”

दाजी बाजेवरून म्हणाले, “न्या हो तिला. माझ्याकडं बघून बघून ती वाळून चाललीय.”

“तुमी गप बसा.”

“गपच हाय. पडल्या पडल्या दुसरं काय करणार?”

अक्कानं माझ्याकडं आजवर काही मागितलेलं मला आठवत नाही. ‘शेतात बसून’ असं ती का म्हणाली ते मला तिथंच कळलं. आमचं गाव तेरजवळ. आम्हाला जमीन नव्हती. आई खुरपायला जायची आणि अक्का ज्वारी राखायला. कणसं भरू लागली की माच्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं उडवायची, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. मालकाकडं पाहुणे हुरड्याला यायचे, हुरडा भाजायच्या आगटीभोवती गोल करून बसायचे. राखणदारणीलाही पसाभर हुरडा मिळायचा, नाही असं नाही, पण उभ्या उभ्या, एक डोळा पाखरांवर ठेवून. मी माच्याखाली सावलीत पाढे म्हणत असायचो. चुकलो की वरून ढेकूळ यायचं. सातचा पाढा तिला माझ्याआधी पाठ झाला होता, पण शाळा तिची सहावीलाच सुटली होती. मी शिकत राहिलो आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. माझ्या पदवीत अक्काची सातवी, आठवी, नववी आणि दहावी आहे, असं मी लोकांना सांगतो. लोकांना ते बोलणं आवडतं. अक्कासमोर मात्र मला ते कधी म्हणता आलेलं नाही.

तर मी कामाला लागलो. तेरजवळच माझा एक वर्गमित्र शेती करतो. अक्का ज्वारी राखायची ती त्याच्याच वडिलांची. तो दरवर्षी चार ओळी गुळभेंडी ज्वारी पेरतो, खास हुरड्यासाठी. त्याला फोन केला तर म्हणाला, “या की सायेब, कवाबी या. इचारायचं काय त्यात?”

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी पुण्याच्या धाकट्या भावाला कळवलं. त्यानं घरातल्या सगळ्यांचा एक ग्रुप काढला आणि त्या ग्रुपवर अक्काच्या हुरड्याची दोन दिवसांत सहल झाली. भावजयीनं कुठल्याशा कृषी पर्यटन केंद्राचा व्हिडिओ टाकला. त्यात बैलगाडीला फुगे बांधलेले होते. माझी मुलगी नववीत आहे. तिला शेळीपालन बघायचं होतं. आपल्या जिल्ह्याची काळी शेळी सगळीकडं नावाजलेली आणि आपण तिला हातसुद्धा लावलेला नाही, हे तिचं म्हणणं. बायकोला द्राक्षाची बाग. भावाला रेशमाची शेती, कारण त्याच्या कंपनीतला कुणीतरी त्यावर सारखं बोलतो. मी कुणालाच नाही म्हटलं नाही. सगळे आनंदात आहेत म्हणजे अक्काचंच भलं चाललंय, असं मला वाटत होतं.

मी तक्ता केला. पाच शेतं, मधलं अंतर, प्रत्येक ठिकाणी किती मिनिटं. हुरड्याला चाळीस मिनिटं आली.

बायकोनं तक्ता वाचला. “यात बायकांनी लघवीला कुठं थांबायचं ते दिसत न्हाय,” ती म्हणाली. “का त्यालाबी राखीव म्हणायचं?”

तारीख मी सगळ्यात आधी अक्काला विचारली होती. महिन्यातला तिसरा रविवार, ती म्हणाली, आणि तिनं तारीख सांगितली तेव्हा मागं दाजी “व्हय व्हय, त्योच” असं म्हणाल्याचं मी ऐकलं होतं. पण भावाच्या मुलाची त्याच दिवशी कसलीशी स्पर्धा निघाली. “दादा, पुढचा रविवार कर ना. आठवड्यानं काय बिघडतंय?”

मी अक्काला फोन केला. तिनं नवी तारीख दोनदा विचारून घेतली. मग ती म्हणाली, “चालतंय की. मी काय, घरीच आसते.”

मी तक्त्यावर तारीख बदलली. काम झालं असं वाटायला हवं होतं, पण वाटेना. त्या आठवड्यात मला कशातच चैन पडत नव्हतं. कचेरीत दर तासाला मोबाईलवर हवामान बघायचो. ढग आले की वाटायचं, पाऊस पडला तर? ऊन चटकलं की वाटायचं, कणसं वाळली तर? जेवताना उठून खिडकीतून बाहेर बघून यायचो. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही ज्वारीला फोन का लावत नाही?”

मधल्या शुक्रवारी, म्हणजे अक्काच्या आधीच्या तारखेला दोन दिवस उरले असताना, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मोटारसायकल काढून तेरकडं गेलो. वर्गमित्र विहिरीच्या मोटारीवर होता. लाईट आली होती आणि ती जायच्या आत त्याला हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. त्यानं लांबूनच हात केला. मी एकटाच ज्वारीत शिरलो.

ज्वारी माझ्या डोक्यावर हातभर होती. मी एक ताट वाकवायला गेलो तर ते मोडेल असं वाटलं, म्हणून तसंच वर हात करून कणसाला लागलो. बुडाचे दोन दाणे काढले, नखानं दाबले. पांढरं दूध आलं. मला केवढा तरी धीर आला. म्हणजे कोवळी आहे, पुढच्या रविवारपर्यंत सहज टिकेल. मी तिथूनच अक्काला फोन लावला.

“अक्का, रानातनं बोलतोय. दाणा दाबून बघितला. दूध आहे अजून. पुढच्या रविवारी एकदम तयार होतोय बघ हुरडा.”

“कंचा दाणा दाबलास?”

“कंचा म्हणजे? कणसाचा.”

“शेंड्याचा का बुडाचा?”

“बुडाचा. हात तिथंवरच पुरला.”

अक्का हसली. बऱ्याच दिवसांनी तिचं असं हसणं ऐकलं. “आरं येड्या, कणीस शेंड्याकडनं खाली भरत येतंय. बुडाचा दाणा सगळ्यात ल्हान. शेंडा दाब. ताट वाकीव, मोडत न्हाय ती.”

मी ताट वाकवलं. फोन खांद्यात धरून शेंड्याचा दाणा दाबला. नख रुतलं, पण दूध नाही. पिठासारखं काहीतरी लागलं. मी दुसरं कणीस बघितलं, तिसरं बघितलं. सगळीकडं तेच.

“अक्का, पीठ निघतंय.”

“मग लई झालं तर तीन-चार दिवस. वारं सुटलं तर त्येबी न्हाई. पुढच्या रविवारी चावायला दगड व्हईल.” ती सरळ माहिती सांगत होती. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. “आसू दे. तुमी समदे जावा, बाकीची शेतं बघा. हुरडा काय, फुडल्या साली खाऊ.”

तेवढ्यात पलीकडं काहीतरी खडबडलं आणि दाजींचा आवाज आला. “फोन हिकडं आन. आन म्हणतो.” मग ते माझ्याशी बोलले. “पाव्हणं, तुमाला खरं सांगतो. ह्या रविवारी माझी बहीण येणार हाय हितं दिवसभर, माझ्याजवळ बसायला. हिनं महिनाभर आधी सांगून ठिवलं तिला. पुढच्या रविवारी तिला जमत न्हाय, तिच्या घरी कार्य हाय. तुमी तारीख बदलली आन् ही चालतंय म्हणून बसली.”

“मग मला सांगायचं ना, दाजी!”

“मी सांगणार व्हतो. हिनं शप्पत घातली.”

मागून अक्का दाजींना बोलत होती, “कशाला सांगताव त्येला? पुण्याची पोरं यायलीत, त्येंची मजा नगं व्हय?” आणि मी ज्वारीत उभा होतो, मोडेल म्हणून ज्याला भ्यालो होतो ते ताट हातात धरून. तारीख हलवायची वेळ आली तेव्हा मी भावाची हलवली नाही, भावजयीची नाही, जिनं मागितलं होतं तिचीच हलवली. ती ओरडणार नाही हे मला माहीत होतं. कचेरीत मी हेच करतो. आमदारांची वेळ बदलत नाहीत, बचतगटाच्या बायकांची बदलतात.

वर्गमित्र चिखलाचे पाय घेऊन बांधावर आला. मी म्हणालो, “अरे, पुढच्या रविवारी ज्वारी निबर होणार. तू बोलला का नाहीस?”

“सायेब, तुमी पुण्याचे पाव्हणे येणार म्हणलाव. मी मोडता कसा घालू? म्हणलं, निबर तर निबर, भाजून घालू. आमच्याकडं या म्हणल्यावर या म्हणायचं आसतंय.”

“आणि परवाच्या रविवारी आलो तर?”

“परवा एक नंबर लागंल,” तो म्हणाला. “पर आक्कीला आणा. तुमाला काय चव कळणार हाय?”

घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात भावाशी दहा वेळा बोललो. प्रत्यक्षात फोनवर ते निम्मंच आलं. तो चिडला, आणि त्याचंही सगळं चूक नव्हतं.

“दादा, दोन दिवसांवर आल्यावर सांगतोस? एका कणसासाठी?”

“कणसासाठी नाही रे. अक्काला तेवढाच एक दिवस मिळालाय.”

“मग आम्ही काय करायचं? गाडीचं बोललोय, सुट्टी सांगितलीय.”

“तुम्ही पुढच्या रविवारी या. मी सगळी शेतं दाखवतो.”

“अक्का नसताना?” तो म्हणाला. अक्कानं त्यालाही कडेवर घेऊन वाढवलंय. मग म्हणाला, “बघ तू. तुझ्या मनाला येईल ते कर.” फोन बंद झाला. ग्रुपवर भावजयीनं नुसता अंगठा टाकला. तो अंगठा मला शनिवारभर टोचत राहिला. शनिवारी संध्याकाळी दोनदा मला वाटलं की पुन्हा फोन करावा, काहीतरी मधला मार्ग काढावा. बायकोनं मोबाईल काढून घेतला आणि फ्रीजवर ठेवला.

“एकाला तर राग येणारच हाय,” ती म्हणाली. “ज्याला रागावता येतंय त्याला येऊ द्या.”

रविवारी पहाटे भाड्याची गाडी घेऊन आम्ही तिघं निघालो. अक्काच्या घरी दाजींची बहीण आधीच येऊन पोचली होती, पदर खोचून, घर आपलंच असल्यासारखी. मी पोचताच मला म्हणाली, “माझी मुक्कामाची यष्टी सहाला फाट्यावर येती. वैनीला त्याच्या आदी घरात आणून सोडा. सहा म्हंजे सहा.”

“साडेपाचलाच सोडतो, ताई.”

अक्का नवी साडी नेसून उंबऱ्यात उभी होती आणि निघत नव्हती. दाजींच्या गोळ्या दाखवून झाल्या, पाण्याचा तांब्या दाखवून झाला, परत गोळ्या दाखवून झाल्या. शेवटी दाजीच ओरडले, “आगं, जा की आता! का मीच उठून जाऊ?”

शेतावर पोचायला साडेदहा झाले. वर्गमित्रानं बांधालगत आगटी करून ठेवली होती, गोवऱ्यांचा आर लालभडक झाला होता. अक्का उतरली ती आधी ज्वारीकडं गेली. कणसांवरून हात फिरवत फिरवत तिनं पंधरा-वीस काढून दिली. “ही भाज. ती नगं, ती निबर झाली.”

वर्गमित्राची बायको म्हणाली, “अक्का, तुमी बसा. भाजायचं आमी बघताव.” आणि तिनं पोतं अंथरलं. अक्का बसली. कुणी हात धरून बसवल्यासारखी, जरा अवघडून, पण बसली.

“आक्के,” वर्गमित्र कणसं आरात खुपसत म्हणाला, “माच्यावरनं मला गोफणीचा खडा मारलीवतीस. हितं, कानामागं. आटवतंय का?”

“कणीस चोरत व्हतास की.”

“माझंच रान, माझ्याच बापाचं कणीस, आन् चोर मीच?”

“रान तुमचं आसंल. राखन माजी व्हती.”

माझी मुलगी एवढी हसली की तिला ठसका लागला. तिनं आत्याला गेली दोन वर्षं फक्त दाजींच्या बाजेजवळ बघितलं होतं.

हुरडा गरम होता, गोड होता, मधूनच एखादा दाणा दाताखाली कडक लागायचा. शेंगदाण्याची चटणी होती, गूळ होता, दही होतं. अक्का सावकाश खात होती. मला मात्र बसवेना. चाळीस मिनिटं कधीच उलटली होती. बाकी शेतं मी अजून मनातून सोडलेली नव्हती. पुण्याचे नाहीत तर नाहीत, निदान अक्काला तरी सगळं दाखवू, एवढा एकच दिवस आहे, त्यात जितकं मावेल तितकं मावू दे, असं माझं चाललं होतं.

“अक्का, आता शेळ्या बघू. मग द्राक्षाची बाग. वाटेवरच आहे.”

“तुमी जाऊन या.”

“अगं, तुझ्यासाठीच तर चाललंय हे.”

“मग मी हितं बसते,” ती म्हणाली. “आन् तूबी बस खाली. मगापासनं उबा हाईस. मला नीट खाऊ दीनास.”

मी बसलो. मुलगी वर्गमित्राच्या बायकोबरोबर शेजारच्या वस्तीवर शेळ्या बघायला गेली. बायको तिथंच पोत्यावर आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. आगटी निवत आली तशी अक्कानं आणखी दोन गोवऱ्या टाकायला सांगितल्या. ती ज्वारीकडं बघत होती. पाखरं उतरत होती आणि ती त्यांना उडवत नव्हती. मी दर थोड्या वेळानं घड्याळ बघत होतो, ते तिला दिसत होतं. असे सगळे मिळून साडेचार तास गेले. तेवढ्या वेळात आम्ही एकच शेत बघितलं, तेही निम्मं.

तीनला निघालो. तुळजापूरच्या पुढं ट्रकांची रांग लागली आणि मी उगाच हॉर्न वाजवू लागलो. नळदुर्गला आलो तेव्हा पाच वाजून गेले होते. अक्का मागून म्हणाली, “च्या घिऊ की.”

“अक्का, ताई सहाला जाणार आहेत.”

“च्याला कितीसा येळ लागतोय?”

धाब्यावर थांबलो. तिनं चहा बशीत ओतून, फुंकून, सावकाश घेतला. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघितल्या. बशी खाली ठेवली आणि पोऱ्याला नाही, मला म्हणाली, “अजून एक सांग.”

बायकोनं माझ्याकडं बघितलं. आता निघालो तरी सहाला पोचणं अवघड, दुसरा चहा घेतला तर अशक्य. मी दुसरा चहा सांगितला.

पोचलो तेव्हा सव्वासहा झाले होते. एसटी गेलेली होती. दाजींची बहीण पिशवी घेऊन उंबऱ्यावरच बसली होती. “वैनी, सहा म्हणलं व्हतं.”

“व्हय,” अक्का म्हणाली. “उशीर झाला.” एवढंच. ट्रकांचं नाव तिनं घेतलं नाही, माझंही नाही. ती आत गेली आणि दाजींना कुशीवर वळवू लागली.

ताईंना त्यांच्या गावी सोडणं माझ्यावर आलं. पुढच्या सीटवर बसून त्या अर्धा रस्ता बोलत होत्या. घरी म्हशी, धारा काढायच्या, मालक तोंड करणार. मी “चुकलं, ताई” म्हणत गाडी चालवत होतो. मग त्यांनी विचारलं.

“हुरडा बरा व्हता का?”

“चांगला होता.”

“दोन वर्सांत तिनं मला एकदा इचारलं, येती का म्हणून. एकदा! माझा सख्खा भाऊ हाय तो. मी नगं म्हणले असते का?”

दोन वर्षांत मीही तिला, तू कधी मोकळी होतेस, असं विचारलेलं नव्हतं. उतरताना मी त्यांचा नंबर मागून घेतला आणि पुढं कुठला रविवार जमेल ते विचारलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. “फेब्रुवारीतला दुसरा. पर गाडी तुमी पाठवायची, आन् परत सोडायचं.”

भाऊ अजून माझ्याशी नीट बोलत नाही. अक्काला त्यानं फोन केला होता म्हणे, तासभर बोलला. फेब्रुवारीपर्यंत हुरडा संपलेला असणार. त्या दिवशी कुठं जायचं ते मी ठरवलेलं नाही, अक्काला विचारलं.

“इच्यार करून सांगते,” ती म्हणाली.

चार दिवस झाले. तिचा विचार अजून चालला आहे.